कोथिंबिरीचा चेक

आमच्या शिदूनानांनी दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा चेक फाडला, तेव्हा भाजीवाल्या शांतामावशीला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तिनं तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "आवं नाना, ह्याचं करू काय? भाकरीसंगं खाऊ?"

"बँकंत टाक," नाना म्हणाले. "आनि घडी घालू नगंस. मशीन घडीचा चेक घेत न्हाई."

चेकवर सगळं जागच्या जागी होतं. मावशीचं आधार कार्डावरचं पूर्ण नाव. अक्षरी रुपये दहा फक्त. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. कुणी पुढं शून्य वाढवू नये म्हणून आकड्यावर चिकटपट्टीसुद्धा. बँकेत जायला रिक्षाच वीस रुपये घेते, म्हणून मावशीनं हात जोडले आणि जुडी फुकट घ्या म्हणाली. नाना चिडले. फुकट घेणं हीसुद्धा त्यांच्या मते एक फसवणूकच होती.

माझी विट्यात पिठाची गिरणी आहे आणि नानांच्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे. त्यामुळं ह्या माणसाचा सगळ्यात जास्त ताप कुणाला झाला असेल तर तो मला. दोन पायली जोंधळे दळायचे आणि चेक घ्यायचा! एकदा मी सरळ म्हणाले, "नाना, गिरणीचा पट्टा चेकावर फिरत नाही, त्याला लाइट बिल भरावं लागतं." तर म्हणतात, "मग ते बिल बी चेकानंच भर की. कोन नगं म्हनलंय?" आता ह्या माणसापुढं डोकं फोडून घ्यायचं नाही तर काय!

नाना मूळचे गलाईवाले. जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हा आमच्याकडच्या निम्म्या घरांचा धंदा. तामिळनाडूत कुठंतरी आतल्या गावात त्यांचं दुकान होतं. उभा जन्म भट्टीपुढं गेला आणि त्या जन्मात एकच गोष्ट शिकले, की जो माणूस 'आईचा दागिना हाय हो' म्हणून रडतो, त्याचा दागिना आधी कसोटीवर घासायचा. दुकान विकून गावी आले, पण घासायची सवय काही गेली नाही. आंबेवाला असो, पुढारी असो, नाहीतर माझा होऊ घातलेला जावई, नानांचा एकच प्रश्न, "कस लावलास का?" जावयाच्या बाबतीत मी नव्हता लावला, आणि ते नानांनी बरोबर ओळखलं होतं. पण तो विषय आज नको.

फसवणुकीचा त्यांना पक्का वास यायचा. रसवंतीवर पैसे भरायचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन लावलेला असतो ना, त्याच्याकडं ते वेड्या कुत्र्याकडं बघावं तसे बघायचे. "त्या ठिपक्यांत कुनाचा बा दडलाय, तुला काय म्हायीत? पैसं टाकशील हितं आनि निघतील तिकडं दिल्लीत." एटीएमचं कार्ड बँकेनं घरी पाठवलं, ते त्यांनी कात्रीनं चार तुकडे करून चार वेगवेगळ्या कचऱ्यांत टाकलं. एक तुकडा माझ्या कोंड्यात सापडला. नोटा तर त्याहून वाईट. शंभराची नोट उन्हात धरायचे, नखानं खरवडायचे, वास घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "असंल खरी. पर मी न्हाई घेनार."

एकदा त्यांना बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला. तुमचं खातं बंद होणार, ताबडतोब नंबर सांगा वगैरे. मी तिथंच होते. म्हटलं आता म्हातारा शिव्या घालणार. कसलं काय! नाना गोड आवाजात म्हणाले, "नंबर कशाला? किती पैसं पायजेत ते बोला. चेक पाठवतो. पूर्ण नाव सांगा, वडिलांचं बी सांगा. अकौंट पेयी करतो, म्हंजी मदी कुनी खायला नगं." पलीकडच्या भामट्यानं आधी समजावलं, मग विनवण्या केल्या, मग हिंदीत आईवरनं शिवी दिली आणि फोन आपटला. नाना माझ्याकडं वळून खऱ्या दुःखानं म्हणाले, "सुमन, लय लबाड मानूस हुता गं. सोताचं नाव सुदीक सांगंना."

आता ह्या चेकांतली खरी मेख सांगते. नानांचं खातं जोडीनं आहे, म्हणजे चेकवर नानांची सही पाहिजे आणि त्याच्याखाली हौसाकाकींची, त्यांच्या बायकोची. "चोराला एक सही मारता यील," नाना सांगायचे, "दोन कशा मारंल?" काकी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. दुकानाच्या फरशीवर कोळशानं गिरवून नानांनी त्यांना सही शिकवली. एकच शब्द, हौसाबाई. पण असा ठसठशीत, की बघणाऱ्यानं बघत राहावं. त्यामुळं चेक पाहिजे असेल तर माणसानं घरी जायचं, बाजेवर बसायचं, नाना लिहिणार, सही करणार, मग काकी हात पुसून येणार, सही करणार आणि वर चहा. शांतामावशीनं दहा रुपयांच्या कोथिंबिरीपायी कमीत कमी पंधरा रुपयांचा चहा प्यायला असेल.

पूर्वी हे फक्त मोठ्या कामाला असायचं. गेल्या दोन वर्षांत मात्र म्हातारा पार सुटला. दाढीचा चेक, लिंबाचा चेक, काडेपेटीचा चेक. कुणी ते बँकेत टाकायचंच नाही. मग मुदत संपली की नाना जुना चेक परत मागायचे आणि नवा लिहून द्यायचे, वर दुकानदाराला दम भरायचे. न्हाव्यानं तर एक चेक आरशावर चिकटवला होता, देवाच्या फोटोशेजारी.

ह्याच दोन वर्षांत काकींचं डोकं हळूहळू पुसलं जात होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मोकळा डबा घेऊन दळायला यायच्या. मला एकदा 'आक्का' म्हणाल्या, मग 'मावशी' आणि नंतर नुसत्याच बघत राहिल्या. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता मागं फिरायचं नाही. दुपारी मी त्यांच्या वेण्या घालायला जायची आणि त्या मला विचारायच्या, "तुजं लगीन झालंय का गं?"

मग व्हायचं तेच झालं. मेडिकलवाला तेवढा चेक बँकेत टाकायचा, त्याचे चेक परत यायला लागले. दुसरी सही जुळत नाही. गलाईवाल्याचा चेक परत येणं म्हणजे नाक कापल्यासारखंच. सगळी गल्ली नानांना सांगून दमली, की खातं एकाच्या सहीचं करा, नाना. मीही सांगितलं आणि गोड बोलून नाही सांगितलं. "काकींच्या जिवाला कशाला घोर? त्यांना धड घास उचलता येत नाही, आणि तुम्ही सह्या करून घेताय! चोराचं एवढं भ्या?"

"दोन सह्या म्हंजी दोन सह्या," नाना म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी रागानं आठवडाभर त्यांचं दळण मागं ठेवलं.

शेवटी बँकेचा साहेब स्वतः घरी आला. तरणा, बाहेरगावचा, पण रीतीचा पोरगा. आता एकाच्या सहीनं चालेल, असा कागद त्यानं आणला होता. नानांची सही आणि काकींचा अंगठा, एवढंच काम. शाईची डबी त्यानं टेबलावर ठेवली. मी दळणाच्या चेकासाठी गेले होते, ती तिथंच बाजेवर टेकले.

नाना त्या डबीकडं बघून म्हणाले, "अंगठा न्हाई. तिला सही येती."

"नाना, ती जुळत नाही हो."

मग नानांनी चोराचं पुराण लावलं. साहेबानं ते सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "तुमच्या काडेपेटीला कुठला चोर येणार आहे, नाना?"

नाना बोलले ते माझ्याकडं न बघता. "सकाळी मला इचारती, तुमी कोन वो? पोरांची नावं गेली. माहेर गेलं. पर म्होरं चेक ठेवला का पेन धरती आनि सोताचं नाव लिवती. तेवडंच ऱ्हायलंय साहेब तिच्याजवळ. म्हनून मी रोज कायबाय इकत घेतो. त्ये बंद झालं, तर नाव बी जाईल की तिचं."

मला वर बघवेना. मेली ही जीभ माझी!

"बघा, आत्ता लिवती का न्हाई," म्हणत नानांनी माझ्या दळणाचा चेक लिहिला, आपली सही केली आणि काकींना हाताला धरून आणून बसवलं. काकींनी पेन धरलं. जन्मभर जिच्याखाली आपलं नाव लिहिलं, त्या नानांच्या सहीकडं खूप वेळ बघत राहिल्या. मग जीभ दातांत धरून, एकेक रेघ ओढत लिहिलं. नानांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. मी वाकून बघितलं.

काकींनी लिहिलं होतं, शिदू.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ह्या बाईनं तर उखाण्यातसुद्धा घेतलं नव्हतं. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं, की मला कोपरानं ढोसायची, तू सांग म्हणून.

"बराबर हाय न्हवं?" काकींनी विचारलं.

"बराबर हाय," नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "येडे, मी तुजं नाव धरून बसलोय आनि तू माजं धरून बसलीस."

साहेबानं शाईच्या डबीचं झाकण लावलं आणि ती बॅगेत टाकली. मी सवयीनं चेकाला हात घातला, तर नानांनी तो आधीच उचलून छातीच्या खिशात ठेवला होता. "ह्यो न्हाई मिळायचा, सुमन."

"आजून द्या की," काकी म्हणाल्या. "लिवते मी."

नानांनी चेकबुक उघडलं. ना नाव घातलं, ना रक्कम, ना त्या दोन रेघा मारल्या. कोरा चेक तसाच त्यांनी काकींच्या पुढं सरकवला.

"लिव," म्हणाले.