बाळांची शिदोरी

सुनंदाबाईंच्या कुरडयांचं धुळ्यातल्या त्यांच्या गल्लीत भारी नाव. धाकट्या मयुरीचं लग्न ठरलं, तेव्हा साक्रीच्या विहीण गुंताबाईंनी बजावलं होतं, "आखाजी झायी का मी ईसू, नि तुमनी कुरडई खाईसनच जासू!" म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर परीक्षाच की!

गच्चीवर पिंपात गहू भिजत पडला. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी दळून चीक काढायचा. सुनंदाबाईंचे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात, म्हणून मोठे जावई भूपेंद्रराव सरसावले. "पाणी मी बदलतो, आई." जावई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. घात झाला तो तिथंच.

पिंपात डोकावून ते बायकोला म्हणाले, "नूतन, प्रत्येक दाण्यात एक बाळ झोपलंय. बाकीचा पांढरा भाग त्याची शिदोरी. तुम्ही शिदोरीच्या कुरडया करता आणि बाळ चोथ्याबरोबर म्हशीला! पाण्यात बुडून गुदमरतंय बिचारं."

"मग पाळणा बांधू का?"

पाळणा नाही, पण त्यांनी गुपचूप पाणी काढून गहू ओल्या गोणपाटात गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी सुनंदाबाई कशाबशा वर चढल्या, गोणपाट उघडलं आणि ओरडल्या, "अगं बाई! याला तर शेपट्या फुटल्या!"

"कोंब, आई," भूपेंद्रराव कौतुकानं म्हणाले. "बाळं जागी झाली. शिदोरी खातायत."

"पोरेसनी शिदोरी खाई टाकी, आते मी कुरडई कसानी करू?" संतापल्या की सुनंदाबाई थेट अहिराणीत उतरतात.

तरी दळलं, गाळलं, शिजवलं. ढवळून ढवळून हात मोडले, पण चीक काही घट्ट होईना. साच्यात घातला की नुसता ओघळ! तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. गुंताबाई! मयुरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुनंदाबाईंनी मात्र पातेल्यात दूध ओतलं, वेलची टाकली आणि वाट्या भरल्या.

गुंताबाईंनी वाटी चाटून पुसून ठेवली. "गूळ कितला टाका?"

"कणभर नही."

खोटं नव्हतं ते. बाळ जागं झालं की शिदोरीची साखर होऊ लागते, पण हे ठाऊक एकट्या भूपेंद्ररावांना.

"कोनी करी?"

"आमच्या मोठ्या जावयांनी," सुनंदाबाईंनी ठोकून दिलं.

"मंग कुरडई ऱ्हाऊ द्या! लगनमा बठ्ठा वऱ्हाडले हाईच खीर, नि जवाईबापूनाच हातनी!"

मयुरी खुदकन हसली. भूपेंद्रराव हळूच दाराकडे सरकले, तर समोर सासूबाई कलथा घेऊन उभ्या.

"कुठं निघालात? बाळं जगवलीत ना? आता वऱ्हाडही जगवा."