अक्काने घेतलेली मुलाखत

माझी थोरली बहीण, आमची अक्का, कुणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी न्हाणीघराच्या दाराची कडी लावून बघते. आतून लावते, बाहेरून ढकलते, समाधान झालं की मगच येऊन टेकते. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, तिला फरक पडत नाही. एकदा सोनगीरला नात्यातल्या एका मुलीसाठी मुलगा बघायला गेलो होतो. मुलाची आई पोहे घेऊन बाहेर आली, तर अक्का जागेवर नाही. आतून खडखडाट. परत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कडी ढिली आहे. आमची पोर यायच्या आधी बसवून घ्या." मी मान खाली घातली. पण लग्न ठरलं, आणि कडीही नवी बसली.

अक्का धुळ्याला मुलींच्या सरकारी वसतिगृहात गृहपाल होती. सगळी नोकरी परक्यांच्या पोरी सांभाळण्यात गेली. दाजी लवकर वारले, एकुलता एक सुमेध कॅनडाला नोकरीला गेला, अक्का निवृत्त झाली. पण तिच्यातली गृहपाल काही निवृत्त झाली नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या पोरीला ती पारोळा यायच्या आत विचारून मोकळी होते : कुठं राहतेस, मेस कशी आहे, घरी कधी गेली होतीस? कुणी टोकलं की तिचं ठरलेलं उत्तर : "इचाराले काय जास?"

तर या अक्काच्या भाचीने, म्हणजे माझ्या प्रज्ञाने, भूशास्त्रात पदवी घेतली आणि भूजलावर पुढचं शिकायला कॅनडाला जायचं ठरवलं. मी जळगावात पाणीपुरवठ्याच्या खात्यात. जन्मभर आटलेल्या विहिरींचे अहवाल लिहिले. माझी पोरगी त्या विहिरींच्या पोटात काय चाललंय ते शिकणार म्हटल्यावर माझी छाती फुगली, आणि मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत ज्याला नको होतं त्यालाही मी ही बातमी सांगून आलो.

अक्काला फोन केला तर दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात हजर. आधी कडी, मग पाणी, मग कॅनडा.

"शिफारसपत्रं लागतात ना? एक मी देते," ती म्हणाली. "शेकडो पोरींना वर्तणुकीचे दाखले दिलेत मी."

"आत्या, ती प्राध्यापकांचीच लागतात."

"प्राध्यापकाला काय माहीत तू पहाटे उठतेस की नाही?"

दाखल्याचा नाद तिने सोडला, पण घर सोडलं नाही. प्रज्ञाची इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती, त्याचा सराव अक्काने घेतला. अक्का मराठीत प्रश्न विचारायची, प्रज्ञा इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि अक्का तिच्या तोंडाकडे बघून निकाल द्यायची. "आत्ता थाप मारलीस." प्रज्ञा हसून लोटपोट. थाप खरंच मारलेली असायची.

अर्ज गेले. दोन ठिकाणी नकार आला, त्या दिवशी अक्काने प्रज्ञाला शेवभाजी करून घातली आणि त्या विद्यापीठांचं नाव घरात पुन्हा काढू दिलं नाही. मग दोन ठिकाणचे होकार आले. एक मोठ्या शहरातलं, नुसत्या तासांचा अभ्यासक्रम, लवकर संपणारा, नाव सांगितलं की लोक भुवया उंचावतील असं. दुसरं पूर्वेला समुद्राकाठच्या लहानशा गावातलं. तिथे एका बाईंच्या हाताखाली भूजलावर प्रबंध लिहायचा, त्या विद्यावेतनही देणार होत्या. मात्र त्या गावाचं नाव मला अजूनही एका दमात घेता येत नाही.

माझं मत पक्कं होतं : मोठं शहर. त्याला कारणही तसंच होतं. त्याच शहरात सुमेध राहतो. पोरगी विमानातून उतरेल ती आतेभावाच्या घरी. मी म्हटलं, "अक्का, आपलं माणूस आहे तिथं. अजून काय पाहिजे?"

अक्काने ते ऐकून घेतलं आणि प्रज्ञाला म्हणाली, "त्या गावच्या बाईंशी बोलणं होईल का?"

बोलणं ठरलं ते एका संध्याकाळी, तिकडे तेव्हा सकाळ. लॅपटॉपसमोर प्रज्ञा, मी पडद्याच्या कडेबाहेर, आणि अक्का कोपऱ्यात. आवाज करायचा नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. बाई साठीच्या आसपासच्या, पिकलेले केस, मागे फडताळात दगडांचे नमुने. अर्धा तास चांगला गेला. शेवटी त्या म्हणाल्या, तुला काही विचारायचंय का? प्रज्ञाने नम्रपणे नाही म्हटलं.

"विचार ना!" कोपऱ्यातून आवाज आला.

बाईंनी विचारलं, कोण आहे? प्रज्ञाने सांगितलं, वडिलांची थोरली बहीण. बाई म्हणाल्या, त्यांना पुढे येऊ दे. मी पडद्यापासून आणखी लांब सरकलो. अक्काने पदर सारखा केला, खुर्ची ओढली आणि आयुष्यभर पालकांशी बोलली तशी बोलायला लागली. प्रज्ञा इंग्रजी करून सांगत होती.

"तुमच्याकडे शिकलेल्या मुली आता कुठं आहेत?"

बाई एकेकीचं सांगू लागल्या. एक एका शहराचं पाणी बघते. एकीची आई आजारी पडली म्हणून ती मधेच घरी गेली, पण परत आली आणि पुरं केलं. "आणि एकीचं माझ्याशी जमलं नाही. ती दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेली. चांगलं चाललंय तिचं."

अक्काने मान हलवली. मग म्हणाली, "आमची पोर तिथं रडली, तर तुम्हाला कळेल का?"

प्रज्ञा लाल झाली. "आत्या, हे मी नाही विचारणार."

"जसंच्या तसं सांग."

प्रज्ञाने सांगितलं. बाई म्हणाल्या, "दर वेळी कळेल असं नाही. पण शुक्रवारी आम्ही सगळे एकत्र चहा घेतो. कुणी आलं नाही तर मी त्याच्या खोलीवर जाते."

बोलणं संपल्यावर अक्का उठली. "खरं बोलली. सगळंच कळतं म्हणाली असती तर मी नको म्हटलं असतं."

मी अजून सुमेधचं घोडं दामटत होतो. तेव्हा अक्का एकदम चिडली, आणि चिडली की ती थेट अहिराणीत जाते. "सुमेधना काय संबंध? पोर तठे शिकाले जाई ऱ्हायनी, त्यानं घर सांभाळाले नही!"

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, खरंच, मी शिकायलाच चाललेय ना? मला त्या बाईंकडेच जायचंय." विषय संपला.

निघायच्या आधी अक्काने तिला धुळ्याला बोलावलं. वसतिगृहातल्या जुन्या पोरी जमल्या होत्या. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, एक तर नरडाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर. अक्का प्रत्येकीपुढे प्रज्ञाला उभी करून सांगत होती, "आमची पोर. जमिनीखालच्या पाण्यावर संशोधन करणार." इतकी ताठ उभी राहिलेली अक्का मी तिच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिली नव्हती.

प्रज्ञा गेली. तिकडे रुळली. आणि एका रविवारी मला सुमेधचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, प्रज्ञाचं चांगलं झालं. पण मी वाट बघत होतो रे. ती इकडे येणार म्हणून मागची खोली रंगवून घेतली होती. दोन पलंग टाकले. आईला म्हटलं होतं, तिला सोडायला तू ये आणि सहा महिने राहा; एरवी एकटी यायला ती तयारच नसते. आईने पासपोर्टही काढला होता."

अक्का यातलं एक अक्षर बोलली नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी धुळे गाठलं. ती एकटीच होती, ओट्याशी उभी, चहा टाकत होती. मी विचारलं, "अक्का, सांगितलं का नाहीस? ठरवताना तुझाही विचार केला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी पोरीला तिकडं धाडलं असतं. तीही गेली असती. गुणाची आहे."

दूध वर आलं, तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं,

"रंग कोणता दिला रे त्याने खोलीला?"

"फिकट पिवळा म्हणाला."

"हं," अक्का म्हणाली. आणि बराच वेळ, साखर विरघळून गेल्यावरही, चहा ढवळत राहिली.