पदकांची अंघोळ

आमचे किकवीचे तात्या दर दिवाळीच्या पाडव्याला इंग्लंडच्या राजाला उटणं लावून अंघोळ घालतात. खोटं वाटेल, पण मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

भोरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून मी किकवीत घर बांधलं. तात्या माझे शेजारी, ऐंशी ओलांडलेले. त्यांचे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धात छातीत गोळी लागून परमुलखात पडले. घरी आली ती त्यांची पदकं. काहींवर राजाचं तोंड, आणि एक परदेशी सरकारने दिलेला क्रॉस. असली वस्तू मी हात धुऊनसुद्धा उचलली नसती. तात्या तिला खोबरेल चोळत होते.

"फिती आदी सोडायच्या, मास्तर. कापडं घालून कोन अंगोळ करतं व्हय?"

क्रॉसला ते 'पावणं' म्हणतात. त्याला वेगळं, कोमट पाणी. "थंड मुलखातलं हायती. आपलं कढत पानी सोसंल का त्यास्नी? ज्याचा त्याचा मान."

हे त्यांचं पालुपद. वाटेत झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा ते "वाईच सरकता का?" म्हणतात.

उटण्यानं राजाचं नाक केव्हाच गेलं होतं, डोळेही पुसट झाले होते. मी कळवळून म्हटलं, "तात्या, अहो, इतिहास झिजतोय."

"झिजू द्या. राजा काय आपला सोयरा हाय?"

मी कपाळाला हात लावला.

त्यांचा मुलगा संजय पुण्याला असतो. यंदा त्यानं पदकं भोरला नेऊन झकास फ्रेम करवली. मागून खिळे, पुढून काच. मला हायसं वाटलं. तात्या मात्र माझ्या ओट्यावर येऊन नुसतेच बसले. चहासुद्धा घेतला नाही.

पाडव्याच्या सकाळी संजयनं मला हाक मारली. जाऊन बघतो तर पाट मांडलेला, बंबातून वाफा निघताहेत, पाटावर फ्रेम उभी, आणि तात्या काचेला तेल लावताहेत.

"बाबा, काचेला काय तेल लावताय?" संजय म्हणाला.

"मंग कुठं लावू? आत जायला वाट ठिवलीस का तू?"

तेलाचा हात धोतराला पुसून ते माझ्याकडं वळले. "पाडव्याला बायका नवऱ्याला न्हाऊ घालत्यात. आमची आई ह्यास्नीच घालायची. मला वाटायचं, बाप म्हंजे आसाच आसतो, वाटोळा. आई गेल्यावर म्या घालाय लागलो." मग काचेवर हात ठेवून, "मानूस गेला की पोरगा शेवटची अंगोळ घालतो, मास्तर. माज्या बापाचं अंगच आलं न्हाई घरी. आलं ते हे."

इतकी वर्षं मी राजाच्या नाकासाठी हळहळत होतो.

संजय उठला, पक्कड आणली आणि एकेक खिळा उपसला. 'पावण्यां'च्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं, त्यात थंड पाणी ओतलं. मग फिती सोडून आबांचं एक पदक तळहातावर घेतलं आणि उटणं लावून चोळायला लागला.

तात्यांनी त्याचं मनगट धरलं.

"हळू रं. लागलंय त्यास्नी."