मागल्या दारचे जोंधळे

दहा पोती जोंधळे फुकट वाटायला याकोब मास्तर सकाळपासून देवळाच्या पुढच्या दारात शेराचं माप घेऊन बसले होते. दुपारचे दोन वाजले तरी ते घ्यायला कुणी फिरकलं नव्हतं.

एकतीस साल होतं. सोलापुरातल्या एका गिरणीला तीन महिन्यांपूर्वी टाळं लागलं होतं आणि ख्रिस्ती देवळामागच्या वस्तीत निम्म्या चुली दिवसातून एकदाच पेटत होत्या. हंगामाच्या सणाला देवळातल्या मंडळीने देवापुढे आणलेलं धान्य दरवर्षी लिलावात निघे. यंदा त्यातून नवी बाजाची पेटी घ्यावी असं बऱ्याच जणांच्या मनात होतं. पण देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "शेजारी उपाशी असताना आपण कसलं गायचं?" आणि जोंधळे वाटायचं काम त्यांनी मिशनच्या शाळेतल्या याकोब मास्तरांवर सोपवलं. मास्तर खोटं कधी बोलत नसत. अडचणीचं असेल तर खरंही शक्यतो बोलत नसत.

शाळा झाडणारी केराबाई शेवटी त्यांच्याजवळ आली. तिचा नवरा त्याच गिरणीत होता.

"मास्तर, पुढल्या दारानं कोन येतंय हो? समदी गल्ली बघती. दुपारी देवळात शिरलं की सांजेला पेठंत बोभाटा, केराबाई बाटली म्हनून."

"आम्ही कुणाला बाटवत नाही, केराबाई. नुसते जोंधळे आहेत."

"मला ठावं हाय की. पर गल्लीला कुटं ठावं हाय? मागल्या दारानं द्या, मी सांगते समद्यास्नी."

देवळाचं मागलं दार कोठीच्या खोलीला होतं आणि ते थेट अक्कम्माच्या अंगणात उघडत असे. अक्कम्मा ही पन्नाशी उलटलेली लिंगायत विधवा. घरात एकटी. मंगळवेढ्याच्या शेतातून वर्षाचे जोंधळे येत, त्यावर तिचं चाले. तिची परवानगी घेणं भाग होतं. मास्तर गेले, पण 'उपाशी माणसं' हे शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेनात. शेजाऱ्यांच्या अब्रूचा प्रश्न होता.

"शनिवारी दुपारी आमची चार माणसं तुमच्या अंगणातून येतील," ते म्हणाले. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली मास्तर? येऊ देत की. माझं अंगन मोकळंच हाय," अक्कम्मा म्हणाली.

शनिवारी मास्तरांनी कोठीत माप मांडलं, दाराची कडी काढली आणि वाट पाहत बसले. अंगणात पावलं वाजली, बोलणी ऐकू आली, पण दार कुणी ढकललं नाही. घटकाभराने मास्तरांनी फटीला डोळा लावला. अंगणात अठरा माणसं ओळीने बसली होती आणि अक्कम्मा त्यांच्या हातावर भाकरी आणि शेंगांची चटणी वाढत होती.

त्यात अक्कम्माचं काही चुकलं नव्हतं. ऐन जेवणाच्या वेळी अंगणात आलेलं माणूस तसंच परत पाठवायची तिच्या घरी रीत नव्हती. घरात दासोह चाले, आल्यागेल्याला अन्न घालणं हीच तिथली पूजा. शिवाय ही तर मास्तरांची माणसं. लोकांचंही चुकलं नव्हतं. मागच्या अंगणात जा, पोटापुरतं मिळेल, असं केराबाईने सांगितलं होतं आणि ते मिळत होतं. आता दार उघडून जेवत्या माणसांना उठवायचं कसं? मास्तरांनी हळूच कडी घातली.

"काय डोकं लावलंत मास्तर!" संध्याकाळी केराबाई म्हणाली. "जोंधळं देवळाचं आन् भाकरी अक्कम्माच्या हातची! आता गल्ली काय बोलनार?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात पाळकसाहेब आले.

"किती आले, मास्तर?"

"अठरा."

"पोटभर मिळालं?"

"पोटभर."

दोन्ही उत्तरं खरी होती. पुढच्या शनिवारी चौतीस माणसं आली, त्याच्या पुढच्या शनिवारी एकावन्न. उपाशी माणसं मिशनने कशी पोटभर जेवू घातली याची बाजारात चर्चा होऊ लागली, आणि पेटीवाल्यांनीही पाळकसाहेबांचं अभिनंदन केलं. तेव्हा शिल्लक किती उरली ते पाहावं म्हणून ते कोठीत आले. भिंतीला पोती लागून होती. त्यांनी ती एकदा मोजली, मग बोट लावून पुन्हा मोजली.

"मास्तर, सुरुवातीला दहाच होती ना?"

"दहाच."

"आणि आता?"

"दहाच आहेत."

पाळकसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग दबक्या आवाजात म्हणाले, "शंभरावर माणसं जेवली आणि पोतं हललं नाही. मास्तर, हे कुणाला सांगू नका. रविवारी मी वेदीवरून सांगेन."

मास्तर घरी गेले ते न जेवताच आडवे झाले. चमत्कारावर प्रवचन होणार, आणि तो चमत्कार नाही हे माहीत असलेला मंडळीत एकच माणूस, तोही शिक्षक.

त्यातच गुरुवारी अक्कम्माने अंगणातून हाक मारली. "मास्तर, परवा तुमची मानसं किती येतील म्हनायची? रागावू नका हं. जोंधळ्याच्या कनगीचा तळ दिसायलाय म्हनून विचारलं. किती का येईनात, करू कायतरी."

हे मास्तरांना सहन झालं नाही. शुक्रवारी दुपारी अक्कम्मा आत पूजेला बसल्याचा अंदाज घेऊन त्यांनी कोठीचं दार उघडलं, अर्धं पोतं जोंधळे पाठीवर घेतले आणि वाकून अंगणातून ओसरीवरच्या कणगीकडे चालू लागले. शिक्षकाची पाठ होती, तिला सवय नव्हती. मध्यावर पाय तुळशीकट्ट्याला अडखळला, पोतं आपटलं, शिवण उसवली आणि जोंधळे अंगणभर झाले.

पुढून अक्कम्मा गळ्यातलं लिंग सावरत बाहेर आली. मागून कोठीच्या दारात पाळकसाहेब उभे राहिले. उद्याच्या वाटपाआधी पोती पुन्हा एकदा डोळे भरून पाहायला ते आले होते.

"मास्तर, कुठं नेताय हे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मास्तर, कुटनं आनलं हे?" अक्कम्माने विचारलं.

मास्तर जोंधळ्यांत बसले होते. दोघांना मिळून एकच उत्तर होतं, आणि आता ते सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. उपाशी माणसांपासून सुरुवात केली, एक अक्षर वगळलं नाही.

अक्कम्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो! मला वाटलं, तुमचे पावने! मी मनात म्हनायची, ह्या मास्तरांचं गोत केवढं मोठं आन् लई भुकेलं!"

पाळकसाहेब खाली बसून जोंधळे ओंजळीने गोळा करू लागले. "बाई, आमच्यामुळं तुमची कणगी रिकामी झाली," ते म्हणाले. "ही दहाही पोती तुमची."

"माझी कशाला? धान्य जेवनाऱ्यांचं हाय. पर दळायचं कुनी? पानी कोन भरनार? एकटीनं एकावन्न मानसांच्या भाकरी बडवून हात गेलेत माझे."

रविवारी पाळकसाहेबांनी चमत्काराचं प्रवचन तसंच दिलं. फक्त चमत्काराचा पत्ता बदलला, आणि तो कुणाच्या हातून झाला ते सांगितलं. ते ऐकून मंडळीतल्या बायकांनी दळण वाटून घेतलं. पाण्याचं काम पाळकसाहेबांनी स्वतःकडे ठेवलं.

पुढच्या शनिवारी सत्तरजण आले. पाळकसाहेब धोतर खोचून सकाळपासून आडावरून घागरी आणत होते. दुपारी घामाघूम होऊन ते भिंतीला टेकले, तेव्हा ओळीतला एक माणूस त्यांच्याकडे बघत सरकला. बिरदेव नाव त्याचं, मोडनिंबहून गिरणीत कामाला आलेला आणि आता अडकून पडलेला.

"कवाधरनं काम न्हाई, दादा?" त्याने विचारलं. पाळकसाहेब भिंतीपासून सरळ झाले. "लाजू नगा. मी बी पैल्या दिशी असाच भितीला उभा व्हतो. हितं कोन काय इचारत न्हाय. बसा."

त्याने हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं. मास्तर लगबगीने पुढे झाले, "अहो, हे आमचे..." पण पाळकसाहेबांनी मान हलवून त्यांना गप्प केलं. अक्कम्मा आली, तिने ओळखलं, आणि त्यांच्याही हातावर भाकरी ठेवली.

पाळकसाहेबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "थोडी चटणी वाढा की."