पिवळा माका आणि इनासची शेळी

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. ज्यांना सांगायचं त्या दोघांपैकी कुणीच आता ऐकायला उरलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. नंदाखाल गावी आमच्या वाडीला लागूनच तात्यांची केळीची वाडी होती. पाहुणा आला की तात्या त्याला आधी पाणी विचारत नसत. बावखलाकडून, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडून, येणाऱ्या पाटाच्या काठावर उभं करून तिथल्या पिवळ्या माक्याची ओळख करून देत. खिशातून भिंग निघे.

"खोड जमिनीवर लोळणारं. पेऱ्यापेऱ्याला मूळ. पानं समोरासमोर, हात लावून बघा, खरखरीत आहेत. दांडा लांब, त्यावर एकच..." इथे थांबत. पाहुणा "फूल" म्हणाला की बोट वर. "फूल नव्हे, गाव आहे हे! कडेची एकेक पाकळी म्हणजे एकेक फूल. मधले ठिपके, तीही फुलंच. सगळी दाटीवाटीनं राहतात, भांडत नाहीत."

"मग ते नंदाखाल नाय," इनास म्हणायचा.

इनास पलीकडच्या आळीतला, तात्यांचा एकुलता एक दोस्त. संध्याकाळी दोघं पाटाशी माडाच्या दोन ओंडक्यांवर बसत. इनासची शेळी सोबत असे; तिचं तोंड माक्यापासून लांब बांधायचं, ही तात्यांची अट. "बहुवर्षायू आहे रे तो. तू नि मी जाऊ, हा राहील."

पण माका पाटात पसरे आणि पुढे माझ्या केळींना पाणी जेमतेम पोचे. तात्या एकदा उमेळ्याला लग्नाला गेले. रहाटाचं पाणी घ्यायची पाळी माझी होती. मी कुदळ घेतली, सगळा काठ मुळासकट साफ केला आणि ढीग माझ्या बांधावर टाकला.

तात्या परतले, काठ बघून उभेच राहिले. "कुणी?"

"शेळी सुटली असेल," माझ्या तोंडून निघालं.

शेळी कुदळीनं खणत नाही, हे तात्यांना दिसायला हवं होतं. त्या दिवशी भिंग खिशातून निघालंच नाही. संध्याकाळी इनास आला. तात्या म्हणाले, "आधी शेळीला विचार, काय खाऊन आलीय." इनास न बसताच परत गेला.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या बांधावर त्याच ढिगातून एक पिवळं डोकं वर आलं. मी ते मुळासकट काढून केळीच्या सोपात, खोडाच्या सालीत, गुंडाळून तात्यांकडे नेलं. त्यांनी वर्णन केलं नाही. दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आमची ही होती तेव्हा तिनं माहेराहून आणला होता, केसांच्या तेलासाठी. इनासलाच ठाऊक होतं." मग म्हणाले, "बाबू, इनासला सांग, शेळीला माफ केलं. ये म्हणावं."

इनासनं ऐकून घेतलं. "माझी शेळी नव्हतीच. नाय केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन मी काय करू? ती नव्हती एवढं त्यानं म्हणावं, मी आत्ता येतो."

मी परतलो. तात्यांनी दोन्ही ओंडके पुसून ठेवले होते.

"गुडघा दुखतोय त्याचा," मी म्हणालो. "बरा झाला की येईल."

तात्या रोज दुसरा ओंडका पुसत राहिले. त्यांनी काठावर लावलेला माका पुन्हा पाटात उतरला. मी हात लावला नाही. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी होतो. त्यांनी विचारलं, "इनासचा गुडघा?"

"बरा होतोय, तात्या," मी म्हणालो.

म्हणायचं होतं ते हे: शेळी नव्हती, तात्या. कुदळ माझी होती. इनासला बोलवून घ्या, आणि मला माफ करा.