बाहेरून मारलेल्या पट्ट्या

"ते करवतीचं यंत्र आज झोपायच्या खोलीतून हललं नाही, तर उद्या भंगारवाल्याला देऊन टाकीन," बायकोने चहाबरोबरच बजावलं, आणि निवृत्त हेडक्लार्क कंबर कसून परसात उतरले. त्यांची सुतारकामाची खोली तिथेच उभी राहत होती. लाकडी सांगाडा तयार होता, वर पत्रेही बसले होते. दाराची जागा सोडून चारी बाजूंनी प्लायवूड ठोकलं की झालं.

सांगाडा डुलू नये म्हणून त्यांनी प्रत्येक बाजूला तिरप्या पट्ट्या मारल्या होत्या. अशा पट्ट्या आतून मारतात. पण मेहुणा म्हणाला होता, "भाऊजी, तुमची खोली कुणी शिंकलं तरी पडेल." त्याला रस्त्यावरूनच दिसाव्यात म्हणून हेडक्लार्कांनी त्या मुद्दाम बाहेरून मारल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात. थोडी अक्कल मात्र लागते.

प्लायचा पहिलाच तुकडा पट्टीवर अडला आणि सांगाड्यापासून दोन बोटं लांब राहिला. मग हेडक्लार्कांनी पट्ट्या काढल्या. सगळ्या, एकदम. सांगाडा करकरत कुंपणाकडे कलला. त्यांनी आत उडी घेऊन विरुद्ध बाजूच्या खांबाला खांदा लावला.

"अगं, धाव!"

बायको ओल्या हातांनीच धावत आली. "सोडा ते! अंगावर येईल!"

"मेलो तरी सोडणार नाही! तू हातोडी घे."

"मी?"

"मग काय, तुझ्या भावाला बोलावू?"

ही मात्रा लागू पडली. पहिला खिळा वाकला, दुसऱ्याने अंगठा शेकला, तिसरा सरळ आत गेला. त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही.

"अगं, आधी माप घे! खिळे कडेला नको!" आतून सूचना येत होत्या. बाहेरून फक्त ठोकाठोक ऐकू येत होती. एकेक बाजू बंद होत गेली तसा आत अंधार दाटला. हेडक्लार्कांनी खांदा बदलला. डोळ्यांसमोर भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेलं यंत्र येई आणि ते दात-ओठ खाऊन आणखी जोर लावत. खरंच कीव यावी असा अवतार झाला होता.

ऊन उतरल्यावर बायको दारात आली. "झालं. या बाहेर."

त्यांनी जपून खांदा काढला. भिंत तसूभर हलली नाही. "बघ! धरली की नाही शेवटपर्यंत?"

"दोन बाजूंना एकेक तुकडा ठोकला तेव्हाच खोली घट्ट झाली होती."

"काय? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर येऊन मापं घेत बसला असता," बायको म्हणाली. "चला, यंत्राची ती बाजू धरा."