दत्ताराम पाटील आणि फ्रान्सची बाटली

बियरच्या कारखान्यात नोकरीला लागलो त्या पहिल्याच सकाळी एका माणसाने मला दारात अडवून हुंगलं. आधी डोकं, मग कॉलर, मग दोन्ही तळहात.

"तेल चमेलीचा," तो म्हणाला. "साबन चंदनाचा. नाश्त्याला कांदेपोहे. जा, धून या."

"काय धुऊन येऊ?"

"डोका."

खिशात बी.एस्सी.चं सर्टिफिकेट, लॅबमध्ये केमिस्ट म्हणून नेमणूक, आणि मी अंगणातल्या नळाखाली डोकं धरून उभा. शेजारच्या नळावर एक पोक्त गृहस्थ हात चोळचोळून धूत होते. ते आमचे मॅनेजर, सबनीस. "पाटलांनी पाठवलं का?" त्यांनी विचारलं. "मग नीट धुवा. नाहीतर परत पाठवतात."

दत्ताराम पाटील आमच्याकडे चाखायच्या कामाला होते. कारखाना पावणे गावाच्या पलीकडे, ते जवळच्या सानपाड्याचे. नवं शहर वसवण्यासाठी गावाची भातशेती गेली तेव्हा जमिनीच्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली, बाटल्या धुण्याची. धुता धुता एक दिवस त्यांनी मुकादमाला सांगितलं, की कालच्या मालात लोणी पडलंय. मुकादम हसला. चौथ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. बियर नीट मुरली नाही की तिला लोण्यासारखा वास येतो, आणि त्या वासाला रसायनशास्त्रात चांगलं लांबलचक नाव आहे. ते नाव शिकायला मला तीन वर्षं लागली होती. पाटलांना नाव ठाऊक नव्हतं, पण लोणी ठाऊक होतं. सबनीसांनी त्यांना बाटल्यांवरून उचलून थेट चाखण्याच्या टेबलापाशी बसवलं.

त्यांची सगळी भाषा अशीच. "हिच्यात मका शिजलाय." "ही ओल्या पुठ्ठ्यात बसून आलेय." "हिला उन्हात कोनी ठेवली?" बियर त्यांच्या लेखी बाईमाणूस होती. पेला नाकाशी गेला की त्यांचा डावा हात वर जायचा. "गप ऱ्हा. ती बोलते." मग अख्खी लॅब श्वास धरून उभी. त्यांचं ऐकून झालं की मी नमुना घेऊन दोन दिवस काचेच्या नळ्यांशी झटायचो आणि शेवटी तेच लिहायचो. फक्त इंग्रजीत.

चुकीची चव सांगणाऱ्या माणसाचा मात्र त्यांना मनस्वी राग. एकदा सबनीस एका घोटावर म्हणाले, "जरा कडवट वाटते." पाटलांनी पेला खाली ठेवला. "सायब, तुमी कारखाना चालवा. जीभ नका चालवू." सबनीसांनी पुढे कधी मत दिलं नाही.

या नाकापायी घरच्यांचे हाल. आगऱ्याचं घर, पण दुपारी बारापर्यंत चुलीवर सुकट भाजायची नाही, लसूण ठेचायचा नाही. सकाळी पाटील मिठाचा खडासुद्धा न घालता पेज प्यायचे. त्यांची बायको हिराबाई माझ्यापाशी तक्रार करायची, "यांचा नाक येक दिवस कापून शिंक्याव ठेवाला पायजे." मुलीसाठी आलेलं एक स्थळ तर मुलीचा बाप दिवसभर दारू पितो म्हणून परत गेलं. वास्तविक पाटील दिवसाला फार तर आठ घोट घेत, आणि आठवा घोट संपला की पेला उपडा. अख्खा पेला रिकामा करताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

ही घडी एका उन्हाळ्यात विस्कटली. मुख्य ऑफिसातून गुप्ते नावाचे साहेब आले. परदेशात चाखण्याचा कोर्स केलेले. त्यांनी दोन दिवस पाटलांचं काम पाहिलं आणि सबनीसांना सांगितलं, "चौथी पास माणसाच्या भरवशावर माल बाहेर सोडता? माझी माणसं पाठवतो. याला परत बाटल्यांवर घ्या."

सबनीसांनी हे पाटलांना सांगायचं काम माझ्यावर टाकलं. मी सांगितलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केलकर, तुमी आज परत तेल लावलाव."

त्याच सुमारास आमच्याकडे गाळण्याचं नवं यंत्र बसवायला फ्रान्सहून एक इंजिनिअर आला होता. नाव जेरार, उंच, लालबुंद, घामाने कायम भिजलेला. काम संपलं त्या दिवशी त्याने बॅगेतून दोन जाडजूड बाटल्या काढल्या. बूच लावलेल्या, वर तार आवळलेली. त्याच्या गावची बियर, आमच्या नेहमीच्या मालाच्या दुप्पट कडक. गुप्त्यांना आयती संधी मिळाली. "चाखू दे तुमच्या पाटलांना," ते सबनीसांना म्हणाले. "मी पण चाखतो. ही बियर ना त्याने पाहिलीय, ना मी."

टेबलाभोवती आम्ही पाचजण. बूच मोठ्याने उडालं आणि सबनीस दचकले. पेल्यात उतरली ती तांब्याच्या रंगाची, दाट, साईसारखा फेस असलेली. गुप्त्यांनी पेला फिरवला, डोळे मिटले आणि मध, फळं, फुलं, 'अत्यंत नाजूक' असं बरंच काही इंग्रजीतून सांगितलं. जेरार सभ्यपणे मान हलवत राहिला.

पाटलांचा हात वर गेला. पेला नेहमीपेक्षा जास्त वेळ त्यांच्या नाकाशी राहिला.

"गूल कढईला लागतो, तसा," ते हळूच म्हणाले. "मग मनुका. भाकरीचा पापुद्रा. आनि मागं..." त्यांनी पुन्हा वास घेतला. "मागं बंद खोली हाय. मातीची भिंत. ओल धरलेली."

"म्हणजे माल खराब आहे," गुप्ते सबनीसांकडे वळून म्हणाले. "पाहुण्याची बियर कुबट म्हणतोय हा!"

"खराब कोन बोलला?"

जेरार माझ्याकडे पाहत होता. मी घाबरत घाबरत जमेल तसं भाषांतर केलं. मातीची भिंत म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. त्याचा भाऊ घराखालच्या तळघरात ही बियर हिवाळ्यात करतो आणि महिनोनमहिने तिथेच मुरत ठेवतो. तळघराची ओल बुचातून आत उतरते. गावातले जाणते लोक त्या वासावरूनच ती ओळखतात. जेरारने टेबलाला वळसा घालून पाटलांचे दोन्ही हात धरले आणि हलवत राहिला. गुप्त्यांनी पेल्यात पाहत "इंटरेस्टिंग" एवढंच म्हटलं. त्यांची माणसं पुढे कधी आली नाहीत.

पण पाटील खुशीत दिसेनात. आम्ही सगळे बोलत होतो, ते पेला नाकाशी धरून बसले होते. मग त्यांनी तो पूर्ण प्यायला, तळापर्यंत. आणि मला म्हणाले, "दुसरी बाटली मागा ना त्याच्याकडून. मना लाज वाटते."

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी मला सानपाड्याला बोलावलं. "तार सोडवाला," असं कारण दिलं. जेवण झाल्यावर बाटली टॉवेलात गुंडाळून ते मला गल्लीपलीकडच्या घरी घेऊन गेले. ओट्यावर त्यांच्यासारख्याच नाकाचा एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यांचे थोरले भाऊ, बाळाराम.

चालता चालता पाटलांनी दोनचार वाक्यांत सांगितलं होतं. जमिनीच्या कागदावर बाळारामांनी शेवटपर्यंत सही केली नाही, दत्तारामांनी केली. नोकरी लागल्यावर घराची वाटणी मागितली आणि आपल्या वाट्याला आलेली गल्लीअलीकडची, मातीच्या भिंतींची भाताची खोली पाडून तिथे स्लॅब टाकला. त्या खोलीत लहानपणी दोघं भाऊ कणगीला टेकून निजायचे. सात वर्षं झाली, बाळाराम त्यांच्याशी बोलले नव्हते. म्हणजे बोलायचे, पण तिसऱ्या माणसामार्फत. तिसरा माणूस आज मी होतो, हे मला ओट्यावर कळलं.

"याला इचारा, काय आनलाय," बाळाराम जाळ्यातून मान वर न करता म्हणाले.

"सांगा, फ्रान्सची बियर हाय," दत्ताराम म्हणाले.

"सांगा, मी पीत नाय."

"सांगा, पिऊ नको. नुसता वास घे."

मी सांगायला तोंड उघडायच्या आधीच दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असायचं, तरी मी सांगत राहिलो. तार सोडवली, बूच काढलं, स्टीलच्या पेल्यात ओतली. बाळारामांनी पेला घेतला, बराच वेळ हातात धरला आणि नाकाशी नेला.

त्यांचा हात थांबला. त्यांनी डोळे वर केले आणि गल्लीपलीकडच्या स्लॅबकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला. दत्ताराम ओट्याच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत धरून, परीक्षेला बसल्यासारखे. लॅबमध्ये मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

बाळारामांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"कडू हाय रं," ते म्हणाले.

माझ्याकडे पाहून नव्हे.

ती बियर अजिबात कडू नव्हती. गुळासारखी होती; मी स्वतः प्यायलो होतो. एवढ्याशा चुकीसाठी पाटलांनी आपल्या मॅनेजरला गप्प केलं होतं. मी दत्तारामांकडे पाहिलं. त्यांचं ते प्रसिद्ध नाक लाल झालं होतं.

"हां दादा," ते म्हणाले, "लय कडू हाय."

बाळारामांनी जाळं बाजूला सरकवलं आणि ओट्यावर त्यांच्यासाठी जागा केली.